टोटल लॉस गाडी : लिहून द्या, मग विका

पावसाळा ओसरला की जुन्या गाड्यांच्या बाजारात माल वाढतो. दसरा-दिवाळी तोंडावर असते, गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार असते आणि नेमक्या त्याच दिवसांत पुरात सापडलेल्या काही गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे चढवून यार्डात उभ्या राहतात. विमा कंपनीने मूळ मालकाला टोटल लॉसचे पैसे केव्हाच देऊन टाकलेले असतात. आरसीवर मात्र त्याची एक ओळही नसते. या महिन्यात त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल बोलायचे आहे, आणि ते आपल्या धंद्यातल्या माणसांशीच बोलायचे आहे : डीलर, गॅरेजवाले, सर्व्हेअर आणि सॅल्व्हेज घेणारे.

हिशेब आपल्याला ठाऊक आहे, तरी एकदा मांडू. गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की विम्याच्या भाषेत तो टोटल लॉस. समजा आयडीव्ही 5 लाख आहे. कंपनीच्या वर्कशॉपने सगळे भाग नवे धरून 4 लाखांचे एस्टिमेट दिले. मर्यादा पावणेचार लाखांची, म्हणजे गाडी टोटल लॉस. लिलावात ती आरसीसकट पावणेदोन लाखांना गेली. घेणाऱ्याने जुने भाग वापरून, वायरिंग सुकवून, 90 हजारांत ती रस्त्यावर आणली. तिच्यात त्याचे 2 लाख 65 हजार गुंतले. न लागलेली तशीच गाडी बाजारात पावणेपाच लाखांना जाते, आणि हाही तोच भाव सांगतो. मधले 2 लाख 10 हजार कारागिरीचे नाहीत. त्यातला मोठा हिस्सा गप्प बसण्याचा आहे.

हे चालते कसे? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55 नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. पण टोटल लॉस झालेली बहुतेक गाडी ‘कायमची निकामी’ नसते. ती दुरुस्त होऊ शकते म्हणून कलम 55 लागत नाही, आणि दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनी ती सोडून देते. कायद्याच्या आणि विम्याच्या मधल्या या फटीतून गाडी सुटते ती थेट आपल्या दारात येते. सर्व्हेअर सॅल्व्हेजची बोली मागवताना दोन आकडे घेतो : आरसीसह किती आणि आरसीविना किती. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे निव्वळ कागदाची किंमत.

त्या कागदाला इतका भाव का येतो, याचे एक उत्तर फार वाईट आहे. गाडी भंगारात तोडली जाते आणि तिची आरसी व चेसिस नंबर चोरीच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या गाडीवर चढतो. असे प्रकार पोलीस तपासात वेगवेगळ्या राज्यांत पुन्हा पुन्हा उघड झाले आहेत. मूळ मालक बिचारा विम्याचे पैसे मिळाले या आनंदात कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून मोकळा होतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. कोऱ्या फॉर्मवर सही घेणारा डीलर त्या माणसाला कुठे उभे करतो आहे, हे त्याला नीट कळते. म्हणून कोरा फॉर्म घेणे हा ‘धंद्याचा रिवाज’ आहे, हे आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेत हा प्रश्न कागदावरच सोडवायचा प्रयत्न झाला. तिथे अशा गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का पडतो आणि दुरुस्त करून तपासणीतून पार पडली की ‘रीबिल्ट’ असा. पण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यूयॉर्कमध्ये 75 टक्के नुकसान पुरे, टेक्ससमध्ये 100 टक्के लागते. त्यामुळे एका राज्यातली शिक्क्याची गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवा कोरा कागद काढायची टूम निघाली. 2005 च्या कतरिना वादळानंतर भिजलेल्या गाड्या अशाच देशभर पसरल्या. अखेर 2009 पासून विमा कंपन्यांना आणि भंगार यार्डांना अशा प्रत्येक गाडीची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीला देणे सक्तीचे झाले. आपल्याकडे ‘वाहन’ हा देशव्यापी डेटाबेस आधीच उभा आहे आणि गाडीचा विमा कधी संपतो हे त्यात दिसते. त्याच वाटेने टोटल लॉसची नोंद का जाऊ नये? ही मागणी ग्राहकांच्या आधी आपण करायला हवी, कारण सरळ धंदा करणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान आज शेजारच्या यार्डातली लपवलेली गाडी करते.

टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. पाच वर्षांच्या गाडीच्या आयडीव्हीत निम्मा घसारा लागलेला असतो. दोन एअरबॅग उघडल्या, डॅशबोर्ड फुटला, बोनेट, बंपर आणि एक दरवाजा गेला, तरी एस्टिमेट 75 टक्क्यांपाशी पोचते. चेसिसला धक्कासुद्धा लागलेला नसतो. अशी गाडी चांगल्या कारागिराच्या हाती पडली तर पुढे निर्वेध चालते. वरच्याच उदाहरणातली गाडी ‘टोटल लॉस, दुरुस्त केलेली’ असे लिहून 3 लाख 40 हजारांना विका. 75 हजार सुटतात, आणि गिऱ्हाईक स्वस्तात मिळाली म्हणून खूश असते. अशा गिऱ्हाइकाला गाडी विकण्यात कमीपणा नाही.

काही गाड्या मात्र कितीही खरे लिहून दिले तरी विकू नयेत. पहिली, एअरबॅग उघडून गेलेली आणि परत न बसवलेली. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे आता बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती असणारच. फुटलेला डॅशबोर्ड आतून फायबरने जोडून वर रेक्झिन चढवलेले असते. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिवा काढून टाकला आहे. इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर त्याची वायर त्या दिव्याला जोडली आहे. आणि एअरबॅगच्या जागी दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर लावला असेल, तर दिवाही नीट वागतो आणि स्कॅनरही फसतो. तिथे कव्हर उघडून एअरबॅग डोळ्यांनी पाहणे आणि तिचे बिल मागणे, एवढाच उपाय. तो रेझिस्टर काही रुपयांचा असतो. तो लावणारे हात आपल्याच धंद्यातले आहेत, हे लिहिताना आम्हाला वेदना होतात.

दुसरी, डॅशबोर्डपर्यंत पाण्यात राहिलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 22 जुलै 2021 ला चिपळुणात गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. पुराची गाडी पुराच्या गावात खपत नाही, तिथला माणूस पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. म्हणून ती लांब जाते. याचा अर्थ एमएच 08, 09, 10 दिसली की नाक मुरडायचे असा नाही, प्रामाणिक गाड्या तिथेही हजारो आहेत. पाहायचे ते गाडीत. सीट बेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. रोज वापरातला पट्टा धुतलेला असतो, पण रीळावरचे शेवटचे वेढे कोणी धूत नाही. तिथे गाळाची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. मग सीटच्या रुळांचा गंज, स्टेपनीखालचा खळगा, कार्पेटखालच्या कनेक्टरवर चढलेली हिरवट बुरशी. वायरिंगमधले हे पाणी आज काही बोलत नाही. वर्षभराने घाटात, रात्री, पॉवर स्टिअरिंग किंवा एबीएस अचानक बंद पडते.

तिसरी, पिलर कापून दुसऱ्या गाडीचा अर्धा भाग जोडलेली. तिच्याबद्दल अधिक लिहायची गरज नाही.

‘आम्ही खोटे बोललो नाही, त्याने विचारलेच नाही,’ हा बचाव बैठकींत ऐकू येतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये माहीत असलेली गोष्ट लपवण्याची कृती फसवणुकीत धरली आहे. नुसते गप्प बसणे आणि लपवणे यांत कायदा फरक करतो, हे खरे. पण गाळ धुणे, रेक्झिन चढवणे, दिव्याची वायर फिरवणे याला गप्प बसणे म्हणत नाहीत. पूर्वीचे कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झाले आहे, त्याची आठवण ठेवलेली बरी.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी ताब्यात आली की फॉर्म 29सी भरून तसे कळवावे लागते. तेव्हापासून ती गाडी आपल्या जबाबदारीची. याच फॉर्ममध्ये ‘विमा कंपनीकडून टोटल लॉसची भरपाई घेतली आहे का’ हा एक रकाना वाढवावा, असे निवेदन आम्ही परिवहन मंत्रालयाकडे पाठवत आहोत. सही करू इच्छिणाऱ्या संघटनांनी 15 तारखेपर्यंत कार्यालयाला कळवावे.

तो रकाना येईल तेव्हा येईल. तोवर या अंकाच्या मधल्या पानावर एक नमुना छापला आहे : भरपाई कोणत्या वर्षी आणि कशापायी मिळाली, पाणी कुठवर चढले होते, कोणते पत्रे कापले, एअरबॅग बदलल्याचे बिल आहे का, काम कोणत्या गॅरेजने केले. खाली विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. सर्व्हेअरांनी सॅल्व्हेज सोडताना त्याची पहिली प्रत फोटोंसह भरून द्यावी, गॅरेजवाल्यांनी कामाचा तपशील त्यावरच लिहावा आणि डीलरांनी ती सेल लेटरला टाचावी. पान फाडून झेरॉक्स काढता येईल असेच बांधले आहे.