पिल्लाची हाडं की सापाची?

2017 सालची गोष्ट. विशाखापट्टणमला एका बांधकामाच्या जागी काही विचित्र प्राणी दिसले. पांढुरकं अंग, पत्त्यांतल्या बदामासारखा चेहरा, काळेभोर डोळे आणि माणसासारखे दोन पायांवर ताठ उभे! त्यांचा व्हिडिओ गावोगाव फिरला. ‘परग्रहावरचे पाहुणे आले,’ अशी आवई उठली. निघाली काय, तर गव्हाणी घुबडाची पिल्लं! अंगावर पिसं पुरती फुटली नाहीत, की ती असलीच ध्यानं दिसतात.

हसू नका हं! डोळ्यांसमोर हलणाऱ्या जिवाची ही तऱ्हा, मग दगड झालेल्या हाडांचं काय होत असेल? तिथे जाणकारसुद्धा चकतात. डॉ. धनंजय मोहबे यांचंच बघा ना. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात आणि पुढे नागपूर विद्यापीठात काम केलेले हे शास्त्रज्ञ. डायनोसॉरची अंडी शोधण्यात त्यांनी उभी हयात घातली.

1984 साली गुजरातमधल्या धोली डुंगरी गावाजवळ त्यांना एक दगड सापडला. त्यात डायनोसॉरची गोल अंडी होती, साधारण 16 सेंटीमीटर रुंदीची. शेजारी बारीक हाडं. आता अंड्यांजवळ बारीक हाडं म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाल? अंड्यातून निघालेलं पिल्लू! मोहबे यांनाही तसंच वाटलं. 1987 साली त्यांनी तसा शोधनिबंध छापला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. पिल्लाची हाडं त्यात होतीही. फक्त सगळी हाडं पिल्लाची नव्हती.

चौदा वर्षं गेली. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला. त्यांची नजर मणक्यांवर खिळली. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूला एक जादा खुंटी असते, आणि तिच्या मापाची खोबण पुढल्या मणक्याच्या पाठीमागे. खुंटी खोबणीत बसली की साप हवा तसा वळतो, पण त्याचा कणा पिळवटत नाही. दगडातल्या मणक्यांना नेमकी तीच खुंटी होती. डायनोसॉरच्या घरट्यात साप!

2004 मध्ये रीतसर करार होऊन दगड अमेरिकेला गेला. हाडांना धक्का न लावता भोवतालचा दगड कोरून काढायचा म्हणजे महाचिकाटीचं काम. (आम्हाला डाळिंब सोलताना कंटाळा येतो!) जवळजवळ वर्ष लागलं. मग दिसलं ते असं : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटर लांब साप. त्याचं डोकं वेटोळ्यावर टेकलेलं. बाजूला आणखी दोन अंडी आणि अर्धा मीटर लांबीचं डायनोसॉरचं पिल्लू. वय सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षं!

मार्च 2010 मध्ये निबंध छापून आला. सापाचं नाव ठेवलं ‘सनाजेह इंडिकस’. लेखकांत विल्सन यांच्याबरोबर मोहबे यांचंही नाव आहे. म्हणजे आपलं 1987 चं म्हणणं त्यांनी स्वतःच्याच सहीनिशी दुरुस्त केलं! आम्हाला तर यातलं हेच फार आवडलं.

आता तुमचा प्रश्न : हा साप अंडी खायला आला होता का? नाही. अजगरासारखा जबडा फाकवणं त्याला जमत नसे. एवढं अंडं तोंडात मावणं अशक्य. पिल्लू मात्र त्याच्या घासाच्या मापाचं होतं. तेच पिल्लू मोठं होऊन अवाढव्य झालं असतं, मग कोणत्या सापाची त्याच्या वाटेला जायची टाप होती? म्हणून हा गडी अंडं फुटायची वाट बघत बसला असावा. तेवढ्यात वादळी पावसात वाळू-चिखलाचा लोंढा आला असावा आणि अंडी, पिल्लू, साप, सगळे जागच्या जागी गाडले गेले.

एकदा चुकून आला असेल बापडा, असं वाटतं? त्याच जागी आणखीही सापांची हाडं मिळाली आहेत. तीही अंड्यांच्या शेजारीच.