झांज मांडीवर ठेवून

आमच्या खाणीच्या गावी, रेडीला आलेल्या भाच्याला परवा एक्स्ट्रीम या अमेरिकन बँडचं ‘मोअर दॅन वर्ड्‌स’ ऐकवलं. ऐकून म्हणाला, “मामानू, ह्यो सगळो बाजार. बोंबलणारे मधीच गॉड गातत, ता पोरींका गंडवूक नि माल खपवूक.”

आक्षेप जुना, आणि अर्धा खराही. ऐंशीचं दशक सरता सरता हार्ड रॉकच्या अल्बमात एक हळवं गाणं घालायची खोडच लागली होती. पण म्हणून सगळीच हिशेबातून आली? किस या बँडचं ‘बेथ’ १९७६ साली तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी ती उलटून वाजवली आणि गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. खपवायचा माल कोणी माळ्यावर ठेवतो? एक्स्ट्रीमनेही १९९० च्या अल्बममधून आधी दणदणीत गाणीच बाहेर काढली. ‘मोअर दॅन वर्ड्‌स’ मागून आलं आणि १९९१ च्या जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

राहिलं गंडवणं. गाण्याचं म्हणणंच मुळी असं, की तोंडाने प्रेम म्हणणं सोपं, ते वागण्यात दिसू दे. (हाही पोराचा डावच, असं कुणी म्हणेल. असेल बापडा.)

माझं खरं भांडण ‘हे काय, कुणीही वाजवील’ या शेऱ्याशी आहे. एक्स्ट्रीमचा गिटारवाला नुनो बेटेनकूर, त्याचा उजवा हात बघा. ड्रम नाही, बास नाही. तारा छेडता छेडता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तो त्याच तारांवर हात आपटून ‘टक्’ काढतो. सूर आणि ठेका एकाच हातात. व्हिडिओत ड्रमर काठ्या बाजूला ठेवून नुसता बसून असतो.

ते बसणं मला ओळखीचं आहे. जत्रेच्या रात्री दशावतारात युद्ध पेटलं की झांज-पखवाजापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग राणीचा विलाप सुरू होतो. झांजवाला झांज मांडीवर ठेवतो, पखवाजी शाईवर बोटं टेकवून थांबतो, पेटी एकटी सूर धरते. पेंगुळलेल्या बायका नेमक्या तेव्हा जाग्या होतात. कंपनी विकली गेली, असं तेव्हा कुणी म्हणत नाही. मघाचा दणका कानात असतो म्हणून तर तो विलाप आत लागतो.

भाच्याने ऐकून घेतलं. “मग तेंचो दणको तरी आयकवा.” त्याच अल्बममधलं ‘गेट द फंक आऊट’ लावलं. अर्ध्या मिनिटात शेजारच्या काकी खिडकीत. “खाणीचो डंपर घरात घातलंस काय रे?”