जेवोदांचें श्वापद आणि गुराख्यांचीं पोरें

"तुम्ही आम्हांला अंगारे-धुपारे सोडा म्हणतां, आणि स्वतः राक्षसाचा चित्रपट चवीनें पाहतां, हें कसें?" असा टोला परवां एका शेतकरी मित्रानें आम्हांस मारला. टोला वाजवी आहे, म्हणून उत्तर देणें भाग आहे.

चित्रपट फ्रान्सचा, सन २००१ चा. दिग्दर्शक क्रिस्तोफ गान्स. इंग्रजींत त्याचें नांव 'ब्रदरहुड ऑफ द वुल्फ'. आम्हीं तो पाहिला, आणि आवडीनें पाहिला. एकटी बाई जीव घेऊन पळते, मागून घुरघुर येते, दिसत मात्र कांहींच नाहीं. आम्ही बसल्या जागीं आंखडलों, हें कबूल. दशावतारांतला संकासुर पाहून पोरें आईच्या पदराआड लपतात आणि तींच पुन्हां पुढें सरकून बसतात. त्यांत पाप तें काय? घडीभर हौसेनें भ्यावें आणि दिवा लागतांच हंसत उठावें, ही करमणूक झाली. जन्मभर भ्यावें आणि त्या भीतीपायीं कोणाला दक्षिणा मोजावी, ही गुलामगिरी झाली. आमचें भांडण दुसरीशीं आहे, पहिलीशीं नाहीं.

पण ही गोष्ट सारीच कल्पित नव्हे. फ्रान्सच्या दक्षिणेस जेवोदां नांवाच्या डोंगराळ मुलखांत सन १७६४ ते १७६७ या काळांत एका श्वापदानें शंभराच्या आसपास माणसें मारलीं. तो लांडगा होता कीं आणखी कांहीं, हा वाद अजून मिटलेला नाहीं. मेलें कोण? सरदार नव्हे, पाद्री नव्हे. बहुतेक गुरें-मेंढरें राखणाऱ्या बाया आणि पोरें. नोंद असलेला पहिला बळी झान बूले ही चौदा वर्षांची मुलगी. तारीख ३० जून १७६४.

आतां थोरामोठ्यांनीं काय केलें तें पाहा. मांदच्या बिशपानें, म्हणजे तेथील मुख्य धर्मगुरूनें, ३१ डिसेंबर १७६४ रोजीं पत्रक काढलें कीं, हें श्वापद म्हणजे तुमच्या पापांबद्दल देवानें धाडलेली शिक्षा आहे, प्रार्थना करा! वाचकहो, ओळखीचें वाटतें ना? मेलें गरिबाचें लेंकरूं, आणि पापही गरिबाच्याच माथीं. सरकारनें घोडेस्वार धाडले. त्यांनीं शिकारीच्या नांवाखालीं शेतकऱ्यांचीं पिकें तुडविलीं. मग राजा पंधरावा लुई याचा बंदूकवाला आंत्वान आला. त्यानें सप्टेंबर १७६५ मध्यें एक थोरला लांडगा मारला. पेंढा भरून तो दरबारांत मिरविला गेला, आणि प्रकरण संपलें असें ठरलें. डिसेंबरांत पुन्हां हल्ले सुरू झाले. पण दरबारच्या लेखीं श्वापद मेलेलें होतें!

आणि लहानांनीं काय केलें? १२ जानेवारी १७६५ रोजीं झाक पोर्तफे हा बारा वर्षांचा पोरगा आणखी चार मुलगे व दोन मुली यांच्यासह गुरें राखीत होता. हातांत पातें बसविलेल्या काठ्या, बस्स. श्वापदानें एका लहानग्याला धरून ओढीत नेलें. तें त्याला खातें आहे तोंवर आपण पळूं, असें कोणी सुचविलें. झाकनें ऐकलें नाहीं. सारीं मिळून धांवलीं, श्वापदाच्या डोळ्यांवर टोंचे मारले आणि सोबत्याला जिवंत सोडविलें. राजानें झाकला ३०० लिव्र आणि इतरांस मिळून ३५० लिव्र बक्षीस दिलें. झाकच्या शिक्षणाचा खर्चही उचलला. त्याच वर्षीं ११ ऑगस्टला मारी-झान वाले या मोलकरणीनें श्वापदाच्या छातींत भाला खुपसून त्याला पिटाळलें. आणि १९ जून १७६७ रोजीं शेवटचा बार काढला तो झां शास्तेल या गांवकऱ्यानें.

चित्रपटानें एक गोष्ट ठणकावून सांगितली आहे, तिच्याबद्दल आम्ही टाळी देतों. त्यांतलें श्वापद देवानें धाडलेलें नाहीं. कांहीं सरदार आणि एक पाद्री यांच्या गुप्त मंडळीनें पाळलेलें, चिलखत चढविलेलें तें जनावर आहे. लोकांनीं भ्यावें, राजाचा दरारा उतरावा आणि जुनी धर्मसत्ता बळकट व्हावी, एवढ्यासाठीं तें सोडलेलें. हा इतिहास नव्हे, कल्पना आहे. पण भीतीच्या व्यापाराचें मर्म तिनें नेमकें पकडलें आहे.

दुसरी गोष्ट मात्र आम्हांस खटकली. चित्रपटानें नायकपण गुराख्यांकडून काढून घेतलें. श्वापदाशीं झुंजायला येतो तो राजाकडून आलेला सरदार फ्रोन्साक आणि त्याचा अमेरिकेहून आलेला इरोक्वाय सोबती मानी. गांवची माणसें आहेत तीं बहुतेक मार खायला, रडायला आणि मरायला! तीन वर्षें ज्यांनीं रोज सकाळीं तरीही गुरें रानांत नेलीं, त्यांचें धैर्य कोठें गेलें? गोष्ट सांगणारा बहुधा वाड्याच्या खिडकींतून पाहतो. त्याला रानांतली काठी दिसत नाहीं.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, चित्रपट खुशाल पाहा, मनसोक्त भ्या. लहानग्यांना मात्र तो दाखवूं नका, त्यांत रक्त फार आहे. त्यांना निजतांना झाकची गोष्ट सांगा. बिशपाची प्रार्थना त्या दिवशीं कोणाला वाचवायला आली नाहीं. सात पोरें एकमेकांना सोडून पळालीं नाहींत, म्हणून सातही घरीं परतलीं.