लिक्विड कूलरचे फॅड आणि चंद्रपूरचे ऊन

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. हाच आकडा पुढे करून कॉम्प्युटरवाले आपल्या पोरांच्या गळ्यात लिक्विड कूलर मारतात. ‘आपल्याकडे ऊन फार, पाण्याचाच लागेल.’ ऐकायला पटते, पण आहे साफ चूक.

नळ्यांतले द्रव थंडावा तयार करत नाही. ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेते आणि तिथले पंखे ती खोलीतच सोडतात. खोली ४० अंशांवर असेल, तर हवेचा असो की पाण्याचा, असा कूलर प्रोसेसरला ४०च्या खाली आणू शकत नाही. मग ६५ वॅटच्या प्रोसेसरवर डीटीपी करणाऱ्याने, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याने दुप्पट-तिप्पट पैसे का मोजावेत?

हवेच्या कूलरचा पंखा गेला तर नवा पंखा लावता येतो. सीलबंद लिक्विड कूलरचा पंप गेला की बहुधा अख्खा कूलरच बदलावा लागतो. तोवर सिरोंचा-भामरागडच्या माणसाने दुकान बंद ठेवायचे का?

ज्याचा प्रोसेसर दोनशे वॅट खातो, जो तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करतो, त्याने जरूर घ्यावा. मात्र रेडिएटर वरच्या बाजूला बसवावा. पंप सर्वांत उंच राहिला तर त्यात हवा अडकते.

बाकीच्यांनी आधी कॅबिनेटमधली धूळ काढावी, थर्मल पेस्ट बदलावी आणि उरलेले पैसे खोलीच्या कूलरला लावावेत. आपल्या कोरड्या उन्हात तो अख्खी खोली थंड करतो. ओला झोत तेवढा कॅबिनेटवर नको. त्या खोलीत कॉम्प्युटरसमोर एक माणूसही बसलेला असतो, हे विकणारे विसरतात.