‘टेक’ म्हणजे केवळ घेणे नव्हे

इंग्रजीतील ‘टेक’ हे क्रियापद मुलांपुढे येताच आपण फळ्यावर ‘घेणे’ असा अर्थ लिहितो आणि पुढे जातो. चिनी विद्यार्थ्याच्या मनात त्याच जागी ‘ना’, म्हणजे हाताने उचलून घेणे, हा शब्द बसलेला असतो. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. चिनी भाषेत औषधाची गोळी ‘खातात’, बसमध्ये नुसते ‘बसतात’. त्यामुळे तो विद्यार्थी ‘ईट मेडिसिन’ असे लिहितो. त्याच्या परीने ते सुसंगतच असते.

आपणही औषध ‘घेतो’ म्हणून तेथे सुटतो. परंतु छायाचित्र आपण ‘काढतो’ आणि परीक्षा तर चक्क ‘देतो’. इंग्रज जी घेतो ती आपण देतो! वसतिगृहात नव्याने आलेले मूल ‘गिव्ह एक्झाम’ म्हणते, वर्ग हसतो, आणि पुढे कित्येक महिने ते मूल इंग्रजीत तोंड उघडत नाही. त्या हसण्यात कधीकाळी आम्हीही सामील होतो, हे नमूद केले पाहिजे.

ही चूक अज्ञानाची नव्हे, एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणाऱ्या अध्यापनाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एखाद्या चिनी विद्यार्थ्यास आपले ‘लागणे’ शिकवून पाहावे: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नाते लागते, निकालही लागतो. कोणता एक अर्थ सांगणार?

त्रिसरणाचेच पाहा. पालीतील ‘गच्छामि’ म्हणजे ‘जातो’. इंग्रजीत तेच शरण ‘टेक’ करतात. चिनी बौद्ध ‘ग्वेई-ई’ म्हणतात. त्यात परत येणे आणि विसंबणे असे दोन्ही भाव आहेत. क्रियापदे तीन, पण वंदनेच्या वेळी कोणी कोणास हसत नाही.

म्हणून क्रियापद एकटे शिकवू नये, त्याच्या सोबतीच्या नामासह शिकवावे. औषध, बस, छायाचित्र, परीक्षा आणि ‘दोन तास लागतात’ येथील वेळ, अशी ‘टेक’ची पाच पूर्ण वाक्ये मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत. शिक्षकी पेशात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, येत्या सत्रात मुलांच्या वहीतील शब्दार्थांची जुनी दोन रकान्यांची यादी बंद करावी आणि ‘गिव्ह एक्झाम’ म्हणणाऱ्या मुलास आधी त्याचे वाक्य पुरे करू द्यावे.