उपवासाचे कंद आणि मधुमेही रुग्ण

आषाढी एकादशी जवळ आली की मेहकर परिसरातील चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येतो : मधुमेह आहे, उपवासास काय चालेल? उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते, ‘कंद टाळा.’ रुग्ण रताळे व सुरण सोडतो आणि निर्धास्तपणे साबुदाण्याची खिचडी खातो. आपल्याकडील साबुदाणा हा कसावा नामक कंदाचेच निव्वळ पिष्ट आहे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. तमिळनाडूतील सेलम भागात हे कंद किसून, धुऊन, निथळलेल्या सत्त्वाचे दाणे वळले जातात. तंतू व चोथा मागेच राहतो. सरसकट निषेधापेक्षा कंदाकंदांतील भेद सांगणे हे वैद्याचे कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, सर्वपरिचित कोष्टकांनुसार दर 100 ग्रॅममध्ये साबुदाण्यात 351 किलोकॅलरी व 87 ग्रॅम पिष्टमय पदार्थ, रताळ्यात 120 व 28, बटाट्यात 97 व 22.6, तर सुरणात 79 व 18.4 असे प्रमाण आहे. परंतु हे आकडे समोरासमोर मांडणे न्याय्य नव्हे. साबुदाणा कोरडा तोलला आहे, कंद ओले. म्हणून ताटाचे माप घ्यावे. 75 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून, दाण्याचे कूट व तूप वगळता, सुमारे 263 किलोकॅलरी मिळतात. 200 ग्रॅम रताळ्यांतून 240. अंतर फारसे नाही! ‘रताळे गोड असले तरी चालते’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. तेवढ्याच सुरणातून मात्र 158 किलोकॅलरी येतात. प्रथिनांचे म्हणाल तर साबुदाण्यात ती 0.2 ग्रॅम, म्हणजे नसल्यातच जमा. खिचडीतील प्रथिने शेंगदाण्यांची. अरवीत ती 3 ग्रॅम आहेत. मात्र अरवी उपवासास चालते की नाही, हे घराघरावर अवलंबून.

संस्काराचाही विचार हवा. उकडलेल्या रताळ्यापेक्षा भाजलेले रताळे रक्तशर्करा अधिक वेगाने वाढवते. साखरेच्या पाकातील रताळ्याच्या कापांविषयी न बोललेलेच बरे. तसेच इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या रुग्णाने निराहार राहून सायंकाळी पोटभर फराळ करणे दोन्ही बाजूंनी घातक आहे. त्याच्या औषधांची चौकशी आधी, पथ्य नंतर.

चरकाचार्यांनी कंदांमध्ये आलुक सर्वांत अहितकर गणले आहे. या आधारावर बटाट्यास दोष देणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. बटाटा दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर येथे आला; तो चरकोक्त आलुक असूच शकत नाही. रताळे आणि कसावाही अमेरिकेकडचेच. या तिन्हींचे गुणदोष आपणच अग्नी व रुग्ण पाहून ठरविले पाहिजेत.

सुरणाबाबत मात्र आधार भक्कम आहे. भावप्रकाशाने त्यास कंदशाकांत श्रेष्ठ म्हटले. अर्शोघ्न हे त्याचे नावच आहे. दद्रु, कुष्ठ व रक्तपित्ताच्या रुग्णांस तो वर्ज्य आहे, हेही तेथेच सांगितले आहे. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. आमसूल लावून नीट शिजवण्याची घरगुती रीत त्यासाठीच. मूतखड्याच्या रुग्णास तो देऊ नये.

शार्ङ्गधरसंहितेतील सूरणवटक बनविणाऱ्या औषधनिर्मात्यांपुढे आणखी एक प्रश्न आहे. (मेहकरच्या शारंगधर बालाजीशी या ग्रंथकाराचे नाते नामसाम्यापुरतेच.) भाजीसाठी आज लागवडीत असलेला ‘गजेंद्र’सारखा सुरण खाजरा नसावा म्हणूनच निवडलेला आहे; रानातील सुरण तीव्र असतो. दोहोंचे चूर्ण एकाच पोत्यात, एकाच भावाने विकले गेल्यास वैद्याने मात्रा कोणत्या आधारे ठरवावी? कंद वन्य की लागवडीचा, हे निर्मात्यांनी वेष्टनावर छापावे आणि आपणही खरेदी करताना ते विचारावे.