चोर सोडून संन्याशाला फाशी

थंडी पडली की आमच्या नांदेड-लातूरकडे घराघरांत एकच तक्रार सुरू होते. गिझर लावला की लाईट जाते. बादलीत रॉड सोडला की अख्ख्या घरात अंधार. मग वायरमनला बोलावणं जातं. तो येतो, मीटरशेजारच्या डबीत डोकावतो आणि दोन मिनिटांत निदान करतो, "सर, ही ईएलसीबी कटकट करायलीय. कशाला त्रास करून घ्यायलाव? काढून टाकू, डायरेक्ट करून देतो." दोन वायरी एकमेकींना जोडल्या जातात, शे-दोनशे रुपये हातावर पडतात, गिझर चालू होतो. घरातले सगळे म्हणतात, पोरगा हुशार आहे हं!

या हुशारीविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत. माझं स्पष्ट मत असं की ही दुरुस्ती नव्हे, हा गुन्हा आहे. आणि त्यात वायरमनइतकाच घरमालकही सामील आहे.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. वीज हा काही माझा विषय नव्हे. पण हिशेब मला येतो, आणि इथे हिशेबच लागतो. घरात येणारी वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. जितकी आली तितकीच परत गेली पाहिजे. ईएलसीबी (आता जी बसवतात तिचं खरं नाव आरसीसीबी, पण बाजारात जुनंच नाव चालतं) एवढंच पाहते. जमा आणि खर्च जुळला नाही, तर मधली वीज दुसऱ्याच वाटेने जमिनीत चालली आहे असा अर्थ होतो. ती वाट म्हणजे गिझरची टाकी, ओली भिंत किंवा तुमचा हात! १ अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातले ३० भाग गळाले की ती खटका पाडते. म्हणजे हिशेबात अफरातफर झाल्याचं सांगणारा हा एकमेव प्रामाणिक कारकून. आणि आपण काय करतो? कारकुनालाच कामावरून काढतो!

"पण सर, एमसीबी आहे की!" हे उत्तर मी शंभरदा ऐकलं आहे. मंडळी, एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. साधं गणित करू. गिझरच्या टाकीत वीज उतरली आहे आणि तुमचं अर्थिंग बऱ्यापैकी, म्हणजे २० ओहमचं आहे असं धरा. २३० व्होल्टला २० ने भागा. साडेअकरा अँपिअर येतात. गिझरची एमसीबी असते १६ अँपिअरची. ती कशाला पडेल? अर्थिंग आणखी खराब, ५० ओहमचं असेल, तर पाच अँपिअरसुद्धा वाहणार नाहीत. एमसीबी शांत झोपलेली, टाकी आणि नळ जिवंत, आणि तुम्ही ओल्या अंगाने नळाला हात लावणार.

आता आपल्या भागाकडे पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल हवी. उन्हाळ्यात इथली काळी जमीन भेगाळते, खाली कातळ. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादली कोण ओतणार? तेव्हा जिथे अर्थिंगचा भरवसा नाही तिथे या डबीची गरज कमी नाही, उलट जास्त आहे. अर्थिंग चांगलं असेल तर कुणाचा हात लागण्याआधीच ती पडते. अर्थिंग मेलेलं असेल तरी वीज माणसातून जाऊ लागताच पडते. झटका बसतो, पण जीव वाचतो.

अमेरिकेत चार्ल्स डालझिएल नावाचे प्राध्यापक होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिलं की किती विजेला हाताची मूठ सुटेनाशी होते. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहाच्या आसपास, असं उत्तर आलं. मूठ सुटत नाही म्हणजे माणूस तिथेच चिकटला. पुढे १९६१ मध्ये त्यांनी अगदी थोड्या गळतीला वीज तोडणारं उपकरण तयार केलं. तिकडचं हे उपकरण ५ मिलिअँपिअरलाच पडतं.

माझा एक विद्यार्थी कॅनडात एडमंटनला असतो. तिथे थंडी उणे तीसपर्यंत जाते. गाडीचं इंजिन तेल घट्ट होऊन गोठू नये म्हणून रात्री इंजिनला चक्क विजेचा हीटर जोडून ठेवतात. तो सांगत होता, ट्रकचा हीटर लावला की सॉकेट पडायचं, आणि शेजाऱ्याचा सल्ला काय, तर "संरक्षण नसलेल्या सॉकेटला लाव, चालेल." म्हणजे ही अक्कल फक्त मराठवाड्याची मक्तेदारी नाही! त्याने मात्र आधी वायर हीटरपासून सोडवून नुसती वायर सॉकेटला लावून पाहिली. सॉकेट पडलं. वायर बर्फात आणि मिठात राहून चिरली होती. ती बदलली, प्रश्न संपला.

आपला रॉड आणि त्यांचा हीटर एकाच जातीचे. आत तार, भोवती पांढरी भुकटी, वर धातूची नळी. बोअरचं जड पाणी तापलं की नळीवर क्षार बसतात. उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते, तिला बारीक चीर जाते, ओल भुकटीत शिरते आणि वीज गळू लागते. रोग हा आहे. औषध आपण देतो डबीला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

समोरच्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डबी कधी कधी उगाच पडते, हे खरं आहे. इन्व्हर्टर बसवताना दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र केला की हिशेब चुकतो आणि ती पडते. कधी जवळ वीज कडाडली तरी पडते. पण त्याचा उपाय वायरिंग नीट करणं हा आहे. न्हाणीघरासाठी वेगळी डबी बसवा, म्हणजे एका गिझरपायी सगळं घर अंधारात जाणार नाही. खर्च दीड-दोन हजारांचा. तेवढ्याची मिठाई आपण दिवाळीत वाटतो.

दोष शोधणंही फार अवघड नाही. पडली काय ते आधी पाहा. एमसीबी पडली तर भार जास्त किंवा शॉर्ट. २ हजार वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. ईएलसीबी पडली तर गळती. मग सगळे प्लग उपसून काढा. नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. डबी वर करा आणि एकेक प्लग लावत जा. ज्याने पडली तो चोर. काहीच न लावता पडत असेल तर चोर भिंतीत आहे, तिथे जाणत्या माणसाकडून मेगरने तपासून घ्या. गिझर तापल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर बहुधा एलिमेंट गेलेलं असतं. ते नवं मिळतं. माणूस मिळत नाही.

हे शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी लिहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका घरी नववीतल्या मुलीने पाणी तापलं का ते पाहायला रॉडच्या बादलीत हात घातला. डबी महिन्याभरापूर्वीच "डायरेक्ट" झालेली होती. भेटायला गेलो तेव्हा तिचे वडील सारखे एवढंच म्हणत होते, "सर, लाईट जायली होती म्हणून काढली हो." त्यांना काय उत्तर द्यायचं? बाहेर सगळे "नशीब" म्हणत होते. मला तो शब्द तेव्हाही पटला नाही. नशिबाला खटका पाडता येत नाही, डबीला येतो, आणि ती आपण काढली होती.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत गळती संरक्षणाची तरतूद होती, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. पण नियम कागदावर असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर वायरमनच्या हातात. त्याला "डायरेक्ट कर" म्हणणारे आपणच.

तेव्हा एक काम करा. आज डबीवरचं "टी" लिहिलेलं बटण दाबून पाहा. खटका पडला तर डबी जिवंत आहे, दर महिन्याला असंच दाबत जा. नाही पडला, किंवा डबीच सापडली नाही, तर उद्या सकाळी गिझर लावू नका. एक दिवस गार पाण्याने आंघोळ केल्याने कुणी मरत नाही.